पंचफुलामावशीचं मोठ्यानं वाचणं

आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती मीच हौसेनं रंगवून घेतली. पंचफुलामावशी पहिल्यांदा वाचनालयात आली तेव्हा तिनं दारात चपला काढल्या, चष्म्याची पांढरी दोरी मानेमागं सारली आणि ती पाटी ग्रामपंचायतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचली, "शांतता राखा!" खाली कोपऱ्यात रंगाऱ्यानं बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकलं होतं. तेही वाचलं. पेपर चाळत बसलेले तिघंजण दचकून उभे राहिले. मावशीनं त्यांना हातानंच बसवलं आणि मला म्हणाली, "बराबर लिवलंय."

कुरुंद्यापासून जवळच आमचं गाव. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची एक खोली आणि ग्रंथपाल मी. पुस्तकं लावणारा, पंख्याला काठीनं ढकलून सुरू करणारा आणि सकाळी झाडून काढणाराही मीच. मावशीनं आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवली. मी तिच्या खिचडीवर वाढलेला, त्यामुळे ग्रंथपाल झालो तरी तिच्या लेखी मी 'दत्त्या'च होतो. एकदा एका मोठ्या पाहुण्यांसमोर तिनं मला तशीच हाक मारली. मी जरा रागानं बघितलं, तर म्हणाली, "काहून डोळे वटारून राहिला? नाव बदललं का तुझं?"

ती वाचायला शिकली चाळिशी उलटल्यावर, तेही फुकटात. शाळेतली चूल पहिलीच्या वर्गाला लागून होती. आत बाई शिकवायच्या, पोरं ओरडायची आणि बाहेर मावशी डाळ घोटता घोटता त्यांच्याबरोबर ओरडायची. वाचणं म्हणजे ओरडणं, हे तिथंच तिच्या डोक्यात पक्कं बसलं. पोरं दुसरीत गेली की मनात वाचायला शिकायची. मावशी मात्र कायम पहिलीच्याच शेजारी राहिली. मनात वाचून बघ म्हटलं की ती ओठ मिटून पानाकडे बघत बसायची, श्वास कोंडायची आणि शेवटी वैतागून म्हणायची, "मनात वाचलं तर कुनाला कळंल रे मी वाचलं ते?"



तिच्या वाचण्यातून काही सुटत नसे. लग्नपत्रिका आली की निमंत्रक, प्रेषक, सगळे काका-मामा आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी पाळण्यातली लेकरंसुद्धा ती वाचून दाखवी. गोळ्यांची पाकिटं, बियाण्याच्या पिशव्या, ट्रॅक्टरच्या मागचं लिखाण, सगळं. एकदा कुठल्याशा कृषी दुकानात तिनं फवारणीच्या बाटलीवरची संपलेली मुदत इतकी खणखणीत वाचली की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आपापल्या बाटल्या उलट्यापालट्या करू लागली. दुकानदारानं तिची बाटली घाईघाईनं बदलली आणि चहा मागवला. चहाच्या कपावरही काहीतरी छापलेलं होतं, ते वाचूनच ती उठली.

पुस्तक ती पहिल्या पानापासून वाचायची. म्हणजे पहिल्या प्रकरणापासून नाही, तर प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत इथपासून. मी एकदा म्हटलं, "मावशी, ते सोडून द्यायचं असतं." ती चिडली. "ज्यानं छापलं तो मानूस न्हाई का? रात्रंदिस मशिनीवर उभा ऱ्हायला असंल. त्याचं नाव काहून सोडावं?"

आमच्या बौद्ध विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने रोज दिवेलागणीला ग्रंथवाचन होतं. पूर्वी निवृत्त झालेले एक गुरुजी वाचत. ते मुलाकडे राहायला गेले आणि मावशी वाचायला बसली. गुरुजींचं वाचन शुद्ध होतं, पण मागच्या रांगेला ऐकू जात नसे. मावशीचं पार आमच्या आळीपर्यंत यायचं. माझी आई दारात तूर निवडत ऐकायची आणि मध्येच मला "गप रे" म्हणायची.

त्या वर्षी आश्विन पौर्णिमेला समारोप झाला, खीर वाटली, सोयाबीनची सुगीही उरकली आणि मग बायांना संध्याकाळी करमेना. तेव्हा मावशी वाचनालयात आली. "दत्त्या, एक जाड पुस्तक दे. हळद काढायला लागूस्तोर पुरलं पायजे."

मी सगळ्यात जाड पुस्तक काढलं. अनुदानात आलेली, मराठीत भाषांतर झालेली एक कादंबरी होती ती. आईबाप आणि आजोबांबरोबर अफगाणिस्तानातून जर्मनीला गेलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी तिथं कशी वाढते, असं काहीतरी मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं. माझंही वाचन त्या पुठ्ठ्यापुरतंच होतं. ग्रंथपालानं हे कबूल करू नये, पण आता केलं.

विहार समितीचे अध्यक्ष भीमरावदादा जरा नाराज झाले. ग्रंथाच्या चौरंगावर कादंबरी ठेवायची नाही म्हणाले. मावशी म्हणाली, "बराबर हाय दादा. त्याची जागा त्याला." आणि घरून स्वतःचा जेवायचा पाट घेऊन आली. त्यावर पांढरं फडकं अंथरून अफगाणिस्तानची पोर बसवली. पहिल्या दिवशी मुद्रकाचा पत्ता वाचून झाला, मग आजोबा काबूलच्या बाजारात टरबूज ठोकून बघतात तो परिच्छेद संपला आणि ऐंशीच्या घरातल्या गिरजाआजीनं ग्रंथवाचनानंतरच्या सवयीनं हात जोडून म्हटलं, "साधू, साधू, साधू!" बाया इतक्या हसल्या की वाचन तिथंच थांबलं. पण दुसऱ्या दिवसापासून टरबूज असो की विमानतळ, परिच्छेद संपला की साधूकार ठरलेला.

मला वाटलं होतं, त्या परक्या देशातलं काय कळणार यांना? कसलं काय! पुस्तकातली माणसं मेहमान म्हणायची, तकलीफ म्हणायची, वतन म्हणायची. धुरपताबाई म्हणाली, "हे तर आपल्यावानीच बोलतेत की! भाषांतर काहून केलं मंग?" मुलीचं नाव पलवशा. दोन दिवसांत तिची पलवशी झाली. तिचे वडील काबूलला मास्तर होते आणि जर्मनीत एका हॉटेलात कांदे सोलायचे. बाया हळहळल्या. मावशी तेवढी म्हणाली, "कांदे सोलायला काय झालं? मी पोतंभर सोललेत. बोटाला वास ऱ्हातो, बाकी काय न्हाई."

आणि सगळ्यांचा जीव अडकला तो त्यांच्या कागदांत. त्या लोकांना तिथं राहायची परवानगी मिळायची होती. रोज कचेरी, रोज नवा दाखला, रोज 'पुढच्या महिन्यात या'. जर्मनी बायांना ठाऊक नव्हती, पण कचेरी पक्की ठाऊक होती. जातीच्या दाखल्यासाठी आजोबाच्या शाळेचा उतारा शोधत फिरलेल्या बाया त्या. एकीनं विचारलं, "रहिवासी लावला का त्यांनी?" दुसरी म्हणाली, "झेराक्स दोन ठिवायच्या, एक हरवतीच." धुरपताबाईची सून रेश्मा हे वाचन फोनवर रेकॉर्ड करून गावाच्या ग्रुपवर टाकायची, लेकांकडे पुण्याला राहायला गेलेल्या बायांसाठी. त्यामुळे सगळं गावच ऐकायला लागलं. चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांना "कागद झाले का?" विचारायची. दाखले काढून देणाऱ्या केंद्रातला पोरगा मला थांबवून म्हणाला, "सर, त्यांनी अपील करायला पायजे. मुदत जाईल ना!" मी म्हटलं, "कळवतो."

ज्या दिवशी कागद मिळाले त्या दिवशी विहारात गूळ वाटला. माझ्या आईनंही वाटीभर पाठवला. मी ग्रंथपाल झालो तेव्हाही तिनं एवढं कौतुक केलं नव्हतं.

असं सगळं मजेत चाललं असताना, शेवटची चाळीस-पन्नास पानं राहिली होती तेव्हा पलवशीनं घोळ केला.

ती आता मोठी झालेली, गोऱ्या मैत्रिणींबरोबर शाळेच्या फाटकात उभी. आई कामावरून तशीच आली, डोक्याला रुमाल, हातात लेकीसाठी गरम रोट्यांचं गाठोडं. मैत्रिणीनं विचारलं, "ही कोण?" आणि पलवशी म्हणाली, "आमच्या शेजारची बाई."

मावशीनं वाक्य वाचलं आणि थांबली. साधूकार काही झाला नाही. मग एकदम सगळ्या बाया बोलायला लागल्या. जिच्यासाठी गूळ वाटला ती अशी निघावी! मी त्या दिवशी दारातच होतो, पुस्तकाची मुदत वाढवून द्यायला म्हणून गेलेलो. धुरपताबाई तर गुडघ्यावर उभी राहिली. "बंद करा ते पुस्तक! माफी मागंस्तोर तिचं तोंड बघायचं न्हाई. वाळीत टाका भवानीला!"

मावशीनं चष्मा काढला. तिचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

"धुरपते, वाळीत टाकायचं नाव या विहारात काढायचं न्हाई. आपल्या आज्या-पणज्यांनी ते भोगलंय. ते काम आपलं नव्हं." मग म्हणाली, "माझ्या सुजातानं बी मला असंच म्हनलं व्हतं. नांदेडला, नर्सिंगच्या होस्टेलात. मी भाकरी-ठेचा घेऊन गेलते, शाळेतून तशीच, चुलीच्या काजळीच्या साडीवर. मैत्रिनीनं इचारलं, कोन? ती म्हनली, गावाकडची कामाची बाई हाय. मी पायरीवरच व्हते. ऐकलं. मंग डबा दिला अन् म्हनलं, ताई, तुमच्या आईनं पाठवलाय. अन् आले निघून. तिला काय बोलू? लेकरू व्हतं. घाबरलं. आता तिला बी टाकता का वाळीत?"

सुजाता माझ्या एक वर्ष पुढं होती. आता पुण्यात मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. दर रविवारी तिचा फोन यायचा, सणाला साडी यायची, पण ती स्वतः चार वर्षांत आली नव्हती. दवाखान्यात सुट्टी मिळत नाही, असं मावशी सांगायची आणि आम्ही मान डोलवायचो. त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं की सुट्टीचा प्रश्न नव्हता.

बाया उठल्या. रेश्मानं सवयीनं फोन उचलला, सवयीनं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं आणि घरी गेल्यावर कपाळावर हात मारून घेतला. काढून टाकेपर्यंत अर्ध्या पुण्यानं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी वाचनालयात आली. पाटी न वाचता आत आली, हे मला फार लागलं. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हे ठिव तुझ्यापाशी. मी तोंडाची फाटकी. लेकीची अब्रू घालवली गावात. आता ती फोन बी करायची न्हाई." रविवार आला. फोन आला नाही. मावशीनं दिवसभर फोन चार्जिंगला लावून ठेवला होता, असं आईनं मला सांगितलं.

मी मग वाचनालयाला कडी लावून ती कादंबरी अखेर वाचली. दोन दिवस लागले. माफी कुठं आहे ते शोधत गेलो आणि शेवटच्या पानावर पोचलो. माफी नव्हतीच! लेखकाचा एवढा राग मला कधी आला नव्हता. पण शेवटचं पान पुन्हा वाचलं आणि पुस्तक घेऊन तडक मावशीच्या घरी गेलो. ती ओसरीवर मसूर पाखडत होती.

"मावशी, हे पुरं कर."

"माफी मागती का रे पोरगी?"

"न्हाई."

"मंग काय करती?"

"मी सांगणार नाही. मला मोठ्यानं वाचता येत नाही."

तिनं सूप खाली ठेवलं आणि बऱ्याच दिवसांनी हसली. "मोठा आला ग्रंथपाल," म्हणाली.

वाचन पुन्हा सुरू झालं. एकही बाई घरी राहिली नाही. धुरपताबाई सगळ्यात पुढं बसायची आणि पलवशीचं नाव आलं की तोंड फिरवायची, पण कान तिकडंच असायचे. शेवटच्या दिवशी मावशीनं शाळेतलं मोठं पातेलं मागून आणलं, खीर शिजवली. शेवटचं प्रकरण सुरू झालं. पलवशी दुसऱ्या शहरात शिकायला गेलेली, बरीच वर्षं घरी न आलेली. मावशी वाचत होती आणि विहाराच्या दारात, चपलांच्या ढिगाशी, खांद्याला बॅग लावलेली सुजाता येऊन उभी राहिली.

सगळ्या बायांच्या माना वळल्या. मावशीनं चष्म्यावरून एकदा बघितलं. परिच्छेद मधेच तोडायचा नाही हा तिचा नियम. तिनं तो पुरा केला, फक्त शेवटच्या ओळी तिनं इतक्या भरधाव वाचल्या की कोणाला काही कळलं नाही. गिरजाआजी तेवढी "साधू" म्हणाली.

मग मावशीनं पुस्तक पुढं केलं. "चष्म्याला पानी लागलंय. तू वाच."

सुजाता पाटासमोर येऊन बसली. पुस्तक हातात घेतलं. ओठ हलेनात, डोळे नुसते ओळीवर फिरत होते. पाच-सहा बाया एकदम ओरडल्या, "मोठ्यानं! मोठ्यानं वाच गं!" ती रडता रडता फसकन हसली आणि वाचायला लागली. आवाज थेट आईचा. इतकी वर्षं पुण्यात कुठं ठेवला होता कोणास ठाऊक!

पुस्तकातली पलवशी जिना चढते. किल्ली हरवलेली असते. ती दार वाजवते. आई दार उघडते, तिला वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते, "हात धू. जेवायला बस." इथं कादंबरी संपते.

 शेवटी धुरपताबाईला राहवलं नाही. "अन् माफी? माफी तर मागितलीच न्हाई की पोरीनं."

"घरी आली की गं," मावशी म्हणाली. "आनखी काय पायजे?"

मग सुजाताकडे न बघताच म्हणाली, "हात धू. खीर घे."

सुजातानं तिच्या मांडीत डोकं घातलं. धुरपताबाई सगळ्यांत मोठ्यानं रडली आणि मीही, आता सांगायला काय हरकत आहे, दाराआड जाऊन डोळे पुसले. साधूकार असा झाला की भीमरावदादा घरातून धावत आले. एवढ्या गडबडीतही मावशीनं लेकीच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, उलटं केलं आणि मागचा पुठ्ठा किमतीसकट वाचला. मगच खीर वाढायला उठली.

आठ दिवसांनी सुजाता तिला पुण्याला घेऊन गेली. महिनाभरासाठी म्हणून गेली ती तिकडंच रमली. त्यांना बसवून द्यायला मी वसमतच्या स्टँडवर गेलो होतो. सकाळची वेळ, गाडी गच्च भरलेली. मावशीला खिडकी मिळाली. बसल्या बसल्या तिनं चष्म्याची दोरी मानेमागं सारली आणि सुरुवात केली. "आपत्कालीन मार्ग. विना तिकीट प्रवास करू नये. धूम्रपान करू नये. शरीराचा कोणताही भाग खिडकीबाहेर काढू नये." गाडीत माणसं माना वळवून बघू लागली. पुढच्या सीटवरचा शर्ट खोचलेला एक गृहस्थ मागं वळला. "अहो आजी, मनात वाचा ना."

मी खिडकीखाली उभा होतो. सुजाताचा चेहरा लाल झालेला मला दिसला. तिनं गाडीभर नजर फिरवली आणि आईच्या पाठीवर हात ठेवून, मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या आईला मनात वाचता येत न्हाई. तुमी ऐका."

मावशीनं खिडकीतून माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. गाडी हलली. स्टँडच्या फाटकावर एक पाटी होती, तिच्याजवळून गाडी वळली तेव्हा ती वाचल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं, आणि त्यात आवाज दोन होते.